पहिला एट्यूड निवडताना: आधी हात बघा, मग नाव

संगीतकार शोपाँच्या ओपस 10 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक) मधला तिसरा एट्यूड, म्हणजे पियानोवरच्या अभ्यासासाठी लिहिलेला ई मेजरमधला तुकडा, सुरुवातीला इतका संथ आणि गाता येण्यासारखा आहे की नवख्याला वाटतं, हा आपल्याला जमेल. मलाही वाटलं होतं. पियानोचा क्लास सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, वय चाळिशीच्या पुढे, घाई भरपूर. पहिलं पान अडीच महिन्यांत बसलं. मग मधला भाग आला. तिथे दोन्ही हातांनी एकाच वेळी जोडस्वर वाजवत पळायचं असतं, तेही जोरात. ते आठ बार (स्टाफवर उभ्या रेघांनी पाडलेले लयीचे तुकडे) मी चार महिने घासले, मनगट दुखायला लागलं आणि शेवटी पुस्तक मिटलं. आजही मला तो एट्यूड पहिल्या पानापुरताच येतो.

चूक साधी होती. मी तो कानाने निवडला होता, आणि एट्यूड हाताने निवडायचा असतो. पुढे जे लिहिलं आहे ते ज्यांना दोन्ही हातांचं स्टाफ नोटेशन सावकाश का होईना वाचता येतं आणि दोन-चार स्केल्स दोन्ही हातांनी वाजवता येतात त्यांच्यासाठी. अजून तिथवर पोचला नसाल तर एट्यूडची घाई नको. टीचरनी दिलेलं पहिलं पुस्तक संपवा.

पलटे वेगळे, एट्यूड वेगळा

एट्यूड हा फ्रेंच शब्द, अर्थ 'अभ्यास'. पण अभ्यासासाठी लिहिलेलं सगळंच एट्यूड नसतं. हॅननचं पुस्तक बहुतेक क्लासमध्ये असतं. 1873 सालचं, साठ व्यायामांचं. त्यात एक आकृती घ्यायची आणि ती एकेक सूर वर सरकवत न्यायची, मग तशीच खाली आणायची. आपल्याकडचे पलटेच ते. बोटं गरम होतात, बरोबरीने चालायला लागतात, पण मैफिलीत कुणी पलटे गात नाही.

एट्यूड बंदिशीच्या जवळचा. त्याला सुरुवात असते, मधला भाग असतो, शेवट असतो, कुणासमोर वाजवला तर ऐकणारा कंटाळत नाही. फरक इतकाच की तो बहुतेक वेळा एका अडचणीभोवती रचलेला असतो. शोपाँच्या ओपस 10 मधल्या पाचव्या एट्यूडमध्ये उजवा हात एका सुराचा अपवाद सोडला तर पूर्ण काळ्या पट्ट्यांवरच पळतो. पहिल्यात उजव्या हाताचे लांबलचक आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक. बाराव्यात, ज्याला लोक 'रिव्होल्युशनरी' म्हणतात (हे नाव शोपाँने दिलेलं नाही, त्याने आपल्या एट्यूडना नावं देणं टाळलंच), सगळं ओझं डाव्या हातावर.

म्हणून एट्यूड हातात घेतला की पहिला प्रश्न: याची अडचण कोणती? एका वाक्यात सांगता आली पाहिजे. 'उजव्या हाताची पाच बोटं सारख्या वजनाने पळवणे.' 'डाव्या हातात गाणं आणि उजव्यात हलके कॉर्ड.' सांगता येत नसेल तर एक तर तुम्ही तो नीट पाहिलेला नाही, नाही तर त्यात तुमच्यासाठी एकाच वेळी तीन-चार अडचणी आहेत. दुसरं असेल तर तो खाली ठेवा.

हार्मोनियमवरून आलात का?

आपल्याकडे मोठेपणी पियानोकडे वळणारे बरेच जण पेटी वाजवून आलेले असतात. त्यांना सूर कळतो, लय कळते, उजवा हात तयार असतो. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे डावा हात. त्याने आयुष्यभर भाता मारलेला. त्याच्या बोटांना स्वतंत्रपणे काही करायची वेळच आलेली नसते, त्यामुळे पियानोवर तो मुठीसारखा पडतो. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. पेटीचा सूर पट्टी दाबून धरली की भाता चालू असेपर्यंत टिकतो, आणि लहानमोठा होतो तो भात्यामुळे. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो, आणि किती मोठा वाजेल हे बोट पट्टी किती वेगाने खाली नेतं यावरच ठरतं. एक सूर दुसऱ्यात मिसळायचा तर विरत चाललेल्या सुराच्या अंदाजाने पुढचा ठेवावा लागतो. पेटीवाल्याचं बोट हे शिकलेलंच नसतं.

तेव्हा पेटीवरून आलेल्याने पहिला एट्यूड डाव्या हाताला काम देणारा किंवा संथ लेगाटोचा (सूर न तोडता वाजवण्याचा) घ्यावा. वेगाचा नाही. वेग तुमच्या उजव्या हातात आधीच थोडाफार आहे, तो तुम्हाला फसवेल.

पेटीची एक सवय मात्र उपयोगी पडते: पट्टीचा हिशोब, म्हणजे सा कुठल्या पट्टीवर. ए मायनर म्हणजे पांढरी सहा, एफ मायनर म्हणजे पांढरी चार, ई फ्लॅट मायनर म्हणजे काळी दोन. पियानोवर काळ्या पट्ट्यांची भीती बहुधा वाचनाची असते, हाताची नाही. पाच-सहा फ्लॅट पाहून डोळे गोंधळतात, पण लांब बोटांना काळ्या पट्ट्या उलट सोयीच्या. शोपाँ विद्यार्थ्यांना सी मेजरऐवजी बी मेजरचं स्केल (पांढरी सातचं) आधी द्यायचा, कारण मधली लांब बोटं काळ्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर आपसूक बसतो. फ्लॅट मोजून एट्यूड नाकारू नका. फक्त वाचायला जास्त दिवस लागतील एवढं धरून चला.

पियानोशी बसून करायची परीक्षा

कागदावर निवडलेला एट्यूड लगेच पहिल्या बारपासून सुरू करू नका. आधी पूर्ण तुकडा पेन्सिल घेऊन नजरेखालून घाला आणि सगळ्यात दाट, सगळ्यात काळे दिसणारे चार बार शोधा. बहुतेकदा ते दुसऱ्या पानावर किंवा शेवटाच्या जरा आधी दडलेले असतात. त्यांना खूण करा आणि तिथूनच सुरू करा. ई मेजरच्या त्या एट्यूडच्या बाबतीत मी एवढं केलं असतं तर साडेसहा महिने वाचले असते.

ते चार बार एकेका हाताने, मग दोन्ही हातांनी, अगदी ठाय लयीत वाजवा. वीस मिनिटं द्या. वीस मिनिटांच्या शेवटी चार बार अडखळत पण बरोबर सुरांनी पार पडले, तर एट्यूड तुमच्या आवाक्यात आहे. एका हाताने जमतं पण दोन्ही जुळत नाहीत, तर काठावर आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं द्या आणि ठरवा. एकेका हातानेही बोटं कुठे ठेवायची कळत नसेल, तर नाही.

पहिल्याच दिवशी सगळं सहज वाजलं तरीही तो एट्यूड नको. वाचनाच्या सरावासाठी ठीक, शिकण्यासाठी नाही.

हाताच्या पसरण्याचं वेगळं पाहावं लागतं. पियानोवर एक ऑक्टेव्ह (सा ते वरचा सा) म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या पूर्ण धरल्या तर जवळजवळ एकोणीस. अंगठा आणि करंगळी ऑक्टेव्हवर ठेवून मधल्या पट्ट्यांना न लागता, मनगट ताठ न करता ते धरता येतं का? जेमतेम येत असेल तर सतत ऑक्टेव्ह किंवा त्याहून रुंद पसरण असलेले एट्यूड बाजूला ठेवा. शोपाँच्या ओपस 10 मधला नववा (पांढरी चार, एफ मायनर) त्यातल्या त्यात सोपा म्हणून लोक सुचवतात, पण त्यात डावा हात पानभर ऑक्टेव्हच्या पलीकडे पसरत राहतो. लहान हाताला तो सोपा नाही, कुणी काहीही म्हणो.

दुखणं ही वेगळी गोष्ट. बोटं थकली तर हरकत नाही, पण कोपराच्या खाली किंवा मनगटात कळ आली की थांबा, त्याच दिवशी थांबा. संगीतकार शूमानचा उजवा हात विशीतच अधू झाला आणि पियानोवादक व्हायचं राहून गेलं. नेमकं कशामुळे यावर अजून वाद आहे, पण बोटं बळकट करण्याच्या नादाकडे अनेकांचा रोख असतो.

कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा असेल तर एट्यूडमधला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी तपासा. आणि पट्ट्या हलक्या, वजन नसलेल्या असतील तर लेगाटो आणि लहानमोठ्या आवाजाचे एट्यूड त्यावर अर्धेच शिकता येतात.

वेळेचा हिशोब

इथे कुणी गणित करत नाही, आणि मग एकच एट्यूड वर्षभर रेंगाळतो. बार मोजा. जसेच्या तसे परत येणारे वजा करा. बत्तीस बारांच्या तुकड्यात बरेचदा वीसच बार नवे निघतात. रोज अर्धा तास देणाऱ्या माणसाचे दोन्ही हातांनी सावकाश दोन नवे बार बसतात असं धरलं, तर वीस बारांना दहा दिवस. लय वाढवायला आणि आवाजाची घडण करायला त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे सहा-सात आठवडे. पहिल्या एट्यूडला एवढा वेळ योग्य. हिशोब तीन महिन्यांच्या पुढे जात असेल तर छोटा घ्या.

मेट्रोनोमच्या छापील आकड्यांनी (मिनिटाला किती ठोके) बिचकू नका. बर्गम्युलरच्या (त्याच्याबद्दल पुढे) 'अराबेस्क'वर ठोका 152 छापलेला असतो, आणि ठोक्याला चार नोट्स म्हणजे सेकंदाला दहा. 100 वर सेकंदाला पावणेसातच्या आत, आणि तेवढ्यावरही तो तुकडा चांगला खेळकर वाटतो. बहुतेक टीचर त्यावर समाधानी असतात. शोपाँच्या ओपस 10 मधल्या पहिल्यावर 176 आहे; तो आकडा मी फक्त गंमत म्हणून सांगतो.

मग घ्यायचा कोणता?

सुरुवातीला मी एकच पुस्तक सांगतो: बर्गम्युलरचे ओपस 100, पंचवीस सोपे एट्यूड. फ्रिडरिक बर्गम्युलर (1806–1874) जन्माने जर्मन, रेगेन्सबुर्गचा, पण पॅरिसमध्ये स्थायिक झालेला. मुलांना शिकवताना मुलं कुठे कंटाळतात हे त्याला ठाऊक असणार, कारण त्याचे तुकडे एक-दोन पानांचे आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे.

पहिला, 'ला कांदर', पांढरी एकमध्ये. उजव्या हाताने लेगाटोत वाहत राहायचं. वाचायला सोपा, आणि म्हणूनच पेटीवाल्यांना खरा कस लावणारा: सूर तुटता कामा नये आणि कुठलाही मध्येच डोकं वर काढता कामा नये. दुसरा 'अराबेस्क', पांढरी सहा. उजव्या हातात चार झपाट्याच्या नोट्स आणि पाचवीवर टेकायचं, खाली डाव्या हाताचे तुटक कॉर्ड. मधल्या भागात तीच आकृती डाव्या हातात येते, आणि तिथे प्रत्येकाचा खरा डावा हात उघडा पडतो. माझ्या मते भारतात पेटीवरून आलेल्या माणसाला याहून चांगला पहिला एट्यूड नाही. मधल्या भागापासून सुरू करा.

पंधरावा 'बालाद', सी मायनर. उजव्या हातात टकटक वाजणारे कॉर्ड आणि खाली डाव्या हातात कुजबुजत पळणारी धून. मध्ये अचानक ऊन पडल्यासारखा सी मेजर. डावा हात जरा बोलका झाला की हा घ्या. घरच्यांना आवडतो हा फायदा वेगळाच. आणि एकविसावा, 'देवदूतांचा मेळ' अशा अर्थाच्या नावाचा: आर्पेजिओ एका हातातून दुसऱ्यात जातात, ऐकणाऱ्याला सांधा कळू नये ही अट. पेडल नुकतंच वापरायला लागलेल्यांसाठी.

परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर 'अराबेस्क' साधारण ग्रेड 2 च्या आसपास, 'बालाद' त्याच्या वर. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन्ही ब्रिटिश संगीत-परीक्षा आपल्याकडे होतात, आणि त्यांच्या ग्रेडनुसारचे तुकडे पाहिले की आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. जर्मन प्रकाशक हेनले तुकड्यांना 1 ते 9 अशी काठिण्यपातळी देतो: 3 पर्यंत सोपे, 6 पर्यंत मध्यम. ही दोन्ही मापं उपयोगी आहेत, पण ती सरासरी हाताची. तुमच्या हाताची परीक्षा वरच्या वीस मिनिटांतच होते.

चेर्नीबद्दल थोडं. कार्ल चेर्नी (1791–1857) बीथोव्हनचा शिष्य, लिस्टचा गुरू, आणि त्याने एट्यूड इतके लिहिले की क्लासमधली पोरं अजून त्याला शिव्या घालतात. ओपस 599 अगदी पायापासून सुरू होतं. मग 849, मग 299, मग 740 हा चढता घाट. मला तो कोरडा वाटतो. पण वेळ कमी असेल तर 599 मधला आठ-सोळा बारांचा तुकडा आठवड्यात होतो आणि एक अडचण सुटते. वाचन कच्चं असणाऱ्यांनी बर्गम्युलरसोबत तो जोडीला ठेवावा.

बर्गम्युलरचे पाच-सहा झाले की हेलर. स्टीफन हेलर (1813–1888) पेस्टमध्ये जन्मला आणि पॅरिसमध्ये राहिला. त्याच्या ओपस 45, 46, 47 मध्ये 47 सगळ्यात सोपा आणि 45 सगळ्यात अवघड, म्हणजे आकडे उलटे चढायचे. 47 चा भर लय आणि भाव यांवर आहे. बोटांच्या वेगावर कमी. ज्यांना गाणं वाजवायचंय त्यांच्यासाठी हा माणूस आहे. 45 मधला दुसरा 'अव्हालांश' या नावाने ओळखला जातो. त्यात धावत्या नोट्स एका हाताकडून दुसऱ्याकडे सोपवत जायच्या असतात. ऐकायला वाटतो त्याहून हाताला बराच हलका. समोर पाहुणे बसवून वाजवायचा असेल तर हा.

या सगळ्यांच्या मूळ रचना कॉपीराइटमधून केव्हाच बाहेर पडल्या आहेत (आपल्याकडे निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं), त्यामुळे जुन्या प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. पण बोटांचे आकडे नसलेली प्रत पहिल्यांदा घेऊ नका. चांगलं फिंगरिंग दिलेलं पुस्तक विकत घ्यावं. बर्गम्युलरच्या बाबतीत तो खर्च पाच-सात महिन्यांत फिटतो.

आणि शोपाँ?

शोपाँचे एट्यूड सत्तावीस: ओपस 10 चे बारा (1833), ओपस 25 चे बारा (1837), आणि नंतरचे, ओपस क्रमांक नसलेले तीन. ही ओढ प्रत्येकाला असते, त्यामुळे 'नको' म्हणून भागत नाही. हेलरचे 45 मधले काही नीट वाजायला लागले की मग त्या सुट्या तीनपैकी एकाकडे जा. एफ मायनरमधल्यात उजव्या हाताच्या तीनविरुद्ध डाव्या हाताच्या चार नोट्स. ए फ्लॅट मेजरमधल्यात तीनविरुद्ध दोन. तबला शिकलेल्यांनी हसावं, कारण हा दुसरा म्हणजे उघडउघड आडीचा रियाज. टाळीवर दोन धरून तोंडाने तीन म्हणता येत असतील तर अर्धी अडचण पियानोला हात लावण्याआधीच सुटली. त्याच्या कॉर्डमधला सगळ्यात वरचा सूर गात राहिला पाहिजे, ती उरलेली अर्धी.

त्यानंतर ओपस 25 मधला दुसरा, पांढरी चार. वेगवान, पण हात फार पसरावा लागत नाही आणि आवाज सगळा हलका. लहान हातांसाठी माझं मत त्याला. संथ म्हणून ओपस 10 मधला सहावा (काळी दोन) पुष्कळ जण सुचवतात. बोटांना तो खरंच फार छळत नाही, पण सहा फ्लॅट, वर मुख्य सूर, खाली डाव्या हातात सतत सरकत राहणारा मधला आवाज, हे तोलायला कान तयार लागतो. संथ म्हणजे सोपं नव्हे, हे मी स्वखर्चाने शिकलोय.

निवडल्यावर पहिले दहा दिवस

शेवटाकडून शिका. शेवटचे चार बार, मग त्याच्या आधीचे चार, असं मागे मागे. त्यामुळे वाजवताना तुम्ही कायम ओळखीच्या प्रदेशाकडे जाता, आणि पहिलं पान तुपात तळलेलं, दुसरं कच्चं असं होत नाही. बोटांचे आकडे पहिल्याच दिवशी पेन्सिलने नक्की करा, पुन्हा बदलू नका. मोबाइलवर दर रविवारी एकदा रेकॉर्ड करा आणि ते लगेच ऐकू नका, मंगळवारी ऐका.

सोडायचा कधी, तेही आधीच ठरवून ठेवा. सहा आठवडे झाले, त्याच चार बारांत त्याच जागी पाय घसरतोय, आणि लय 60 च्या पुढे सरकत नाही, तर तो एट्यूड कपाटात. लाज नाही. पुस्तकावर तारीख टाका. मी ई मेजरच्या पुस्तकावर टाकली आहे, आणि दर दिवाळीच्या सुट्टीत ते उघडून फक्त मधले आठ बार वाजवून बघतो. गेल्या वर्षी पाच बसले.